ओटीतल्या दोन सुपाऱ्या

हे मी आजवर कुणापाशी बोललेली नाही. नवरा असता तर त्याच्यापाशी बोलले असते, असं लिहिणार होते — पण नाही, त्याच्यापाशीही नसते बोलले. सुरुवातच खोट्यानं कशाला करू? तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या बाजारात समोर आलात तरी मला कळणार नाही की हे तुम्हीच. ज्या एका माणसाला हे सांगायला हवं, ते माणूस आत्ता पलीकडच्या खोलीत पोरांच्या गणिताच्या वह्या तपासतं आहे. मध्ये एक भिंत आहे आणि दार उघडं आहे. तरी अकरा वर्षांत ते दार ओलांडून जाऊन बोलणं मला जमलेलं नाही.

आधी लहान गुन्हा सांगते. मोठ्याकडे जायला मला तीच वाट ठाऊक आहे.

मी चौतीस वर्षं मलकापूर तालुक्यातल्या खेड्यांत नर्स होते. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक टेबल, एक वजनकाटा, आणि दाराशी कायम कुणाची तरी बकरी. लोक मला सिस्टरबाई म्हणत. पोरांना लसी टोचायच्या, बाळंतपणं करायची, लोहाच्या गोळ्या वाटायच्या, आणि महिन्यातून एकदा बायांना सतरंजीवर बसवून चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायच्या — हे माझं काम. त्या शहाणपणात सुपारी हमखास असे. सुपारी खाऊ नका बायांनो, गालाची कातडी आतून ताठ होते, तोंड उघडेनासं होतं, काळजाची धडधड वाढते. बाया माना हलवत. आणि हे सांगताना माझ्या स्वतःच्या डाव्या गालात सुपारीचं खांड असे. लोका सांगे ब्रह्मज्ञान — पुढचं तुम्हाला येतंच.

सवय आईची. ती दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जायची, कमरेला पानसुपारीची चंची खोचून. सुपारीनं भूक मरते आणि डोळा लागत नाही, हे तिला कुठल्या डॉक्टरनं सांगितलं नव्हतं. मला नर्सिंगला घातलं ते तिनंच, आणि जाताना पितळी मुठीचा तिचा अडकित्ताही तीच मागे ठेवून गेली. बाळंतपणं काही घड्याळ बघून येत नाहीत. जागं राहायला मी एक खांड तोंडात टाकत गेले, मग न टाकता जागं राहणं जमेना. कातरलेली सुपारी मी लोहाच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत ठेवायचे. वरून एक लवंग चघळायची, म्हणजे वास मारला जातो. सिस्टरबाईच्या तोंडाला लवंगेचा वास येतो, असं बाया कौतुकानं म्हणत. नवऱ्याला ठाऊक होतं. तो जिनिंगमध्ये फिटर होता. कामावर जाताना हसून विचारायचा, सिस्टरबाई, डोस झाला का? लेकीला मात्र शेवटपर्यंत — अजूनही — ठाऊक नाही.

एवढंच असतं तर मी लिहायला बसले असते का? म्हातारी बाई चोरून सुपारी खात होती, यात सांगण्यासारखं काय आहे? पण सुपारी अंगात काय करते हे आधी सांगायला हवं. त्यावाचून पुढचं कळणार नाही.

सुपारी 'लागते' म्हणतात ना, ते तुम्ही ऐकलं असेल. लग्नात जेवण झाल्यावर कुणी तरी कच्ची सुपारी तोंडात टाकतो आणि पाच मिनिटांत कपाळ धरून बसतो. कान गरम होतात. तोंड लालबुंद होतं, घाम फुटतो, घशात बोळा अडकल्यासारखं होतं, आणि काळीज असं धावतं की शेजारच्याला ऐकू जाईल. हात कापतात. आमच्या प्रशिक्षणात डॉक्टरांनी सांगितलं होतं, माणसाच्या अंगात काही नसा त्याला न विचारता काम करतात — लाळ, घाम, काळजाचे ठोके त्यांच्या ताब्यात असतात. सुपारीतला अर्क थेट त्या नसांना जाऊन भिडतो. आणि गंमत अशी की तो त्यांना पळवतोही आणि आवरतोही. गाडीवानानं एका हातानं बैलाला पराणी टोचावी आणि दुसऱ्या हातानं कासरा ओढावा, तसं. बैल बिचारा करणार काय? म्हणून तरतरीही येते आणि चक्करही येते. रोज खाणाऱ्याचं अंग सरावतं, त्याला सहसा लागत नाही. पण पोट रिकामं असलं, प्रमाण वाढलं, किंवा मध्ये बरेच दिवस खंड पडला, तर सरावलेल्यालाही लागते. थुंकून टाका, पाणी प्या, गुळाचा खडा चघळा, पडून राहा — अर्ध्या तासात उतरते.

पण काळीज आधीच अधू असलं तर उतरत नाही. बाजाराच्या दिवशी एक माणूस असा माझ्या डोळ्यांदेखत गेला. सगळे सुपारी लागली म्हणत त्याला गूळ चारत बसले होते. त्यानंतर मी बायांना फरक शिकवायला लागले. अर्ध्या तासात उतरलं तर सुपारी. डाव्या हातात, जबड्यात कळ गेली तर गूळ बाजूला ठेवा, गाडी बोलवा. हा फरक पंचक्रोशीत कुणाला पक्का ठाऊक असेल तर तो मला. हे लक्षात असू द्या.

आता प्रज्ञाविषयी. माझी एकुलती एक लेक. आमचं घर स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर आहे. लहानपणी ती पाटीवर गाड्यांच्या वेळा लिहायची. हिरवा झेंडा दाखवणारा स्टेशन मास्तर तिला राजापेक्षा मोठा वाटायचा — तो हलला की मैलभर लांबीची गाडी हलते, यापेक्षा मोठं काय असतं? नंतर इतर पोरांची वेडं बदलली, हिचं बदललं नाही. बी.एस्सी. करून तिनं परीक्षा दिल्या, दोनदा पडली, तिसऱ्यांदा लागली. सहाय्यक स्टेशन मास्तर. पत्र आलं त्या दिवशी ती पत्र घेऊन प्लॅटफॉर्मवर जाऊन बसली होती, घरी नाही आली. नेमणूक ओडिशाकडे, झारसुगुडा. मी ते नाव मुद्दाम चुकीचं घ्यायचे. कधी झारसगड, कधी झाडसुकडा. ती हसून दुरुस्त करायची. तिला वाटायचं, आईची जीभ वळत नाही.

नवरा जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं आणि मला निवृत्त होऊन चार महिने. मी एकटी राहू शकले नसते का? राहिले असते की. उभा जन्म मी कंदील घेऊन परक्यांच्या घरांत एकटी शिरले आहे. भीती एकटं राहण्याची नव्हती. मग कशाची होती? याचं उत्तर मला आहे, पण ते पुढे येईल.

तिनं मोठ्या काट्याचं, सेकंद नीट दिसणारं घड्याळ घेतलं. मोठी निळी बॅग घेतली. गाडी सकाळची होती, नागपूरकडे जाणारी. मी आदल्या दिवसापासून जेवले नव्हते. जेवण जातच नव्हतं. डबीतून एकामागून एक खांड तोंडात टाकत होते. ती बॅगेची चेन लावत असताना मला लागली. खूप वर्षांनी लागली. कान तापले, पदर घामानं भिजला, काळीज घशात आलं. मी मोरीत जाऊन चूळ भरली, भिंतीला धरून उभी राहिले. काय होतं आहे ते मला पुरतं ठाऊक होतं. गुळाचा डबा हाताशी होता. प्रज्ञा धावत आली, तिनं माझं मनगट धरलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"आई, काय होऊन राह्यलं तुले? छातीत दुखते का?"

मी म्हणाले, "हाव."

एवढंच. होकाराचा एक शब्द. तो कुठून आला? मी ठरवला नव्हता, हे खरं आहे. पण तो तोंडातून गेल्यावर परत घ्यायला माझ्याकडे अख्खी सकाळ होती, हेही खरं आहे. रिक्षात घ्यायला वेळ होता. दवाखान्याच्या बाकावर होता. डॉक्टरांनी काळजाच्या ठोक्यांची पट्टी काढली, ठोके जलद आहेत म्हणाले, बाकी ठीक वाटतं म्हणाले. मग त्यांनी विचारलं, तंबाखू खाता? नाही. सुपारी, पान? मी लेकीच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, नाही. ती माझ्याऐवजी रागावली — "माझी आई सिस्टर आहे, डॉक्टर. ते दुसऱ्यायले सोडाले सांगते." बाहेर तिची गाडी स्टेशनातून निघाल्याचा आवाज आला. आमच्या गावात तो सगळीकडे ऐकू येतो. तिनं घड्याळात पाहिलं आणि हात खाली केला.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, घाबरली बिचारी, गांगरून बोलून गेली. मीही स्वतःला बरीच वर्षं एवढंच सांगत आले. गोष्ट इथं संपवायची आणि डोळे पुसायचे. पण ती इथं संपत नाही — हे एकदा झालं असतं तर मी आज लिहायला बसलेच नसते.

प्रज्ञानं अर्ज करून मुदत मागितली. आई आजारी आहे, दाखला जोडला. महिन्याभराची मुदत मिळाली, आणि पुढे वाढणार नाही असंही कळवलं. तेव्हा मला लाज वाटली. खरीखुरी वाटली. डबीतली सगळी सुपारी मी नालीत ओतली. पहिले आठ दिवस डोकं ठणकत होतं, हातात भांडं धरवत नव्हतं, दिवसाढवळ्या जांभया येत होत्या, आणि क्षुल्लक गोष्टीवरून मी तिच्यावर खेकसत होते. सुपारी सोडल्यावर मेंदू अशीच ओरड करतो. तिला वाटलं, हे काळजाचं दुखणं आहे. तिनं माझ्या भाजीतलं मीठ कमी केलं आणि रोज सकाळी उठल्याबरोबर माझी नाडी मोजायला लागली. बोटं कुठं ठेवायची हे मीच तिला शिकवलं. तीन आठवड्यांत मी ठणठणीत झाले. तिला सांगितलंही — जा, मी बरी आहे. तेव्हा ते मनापासून होतं.

शेजारी शांताबाई राहायची. माळ्याची बाई, घरची वांगी-मिरची बाजारात विकायची. आम्ही बौद्ध, आमच्यात ओटीबिटीचं काही नाही. पण ती तिच्या घरातलं काहीही आमच्या घरात आणायला कधी कचरली नाही. प्रज्ञा निघायच्या आदल्या दुपारी ती ताट घेऊन आली.

"मागल्या टायमाले पोरगी रिकाम्या पदरानं निघाली, म्हनून आडवं आलं," ती म्हणाली. "आता मी भरतो तिची ओटी. लगन नाही झालं त काय झालं, घरून त निघून राह्यली ना?"

प्रज्ञाला हसू येत होतं, पण ती ओढणी पसरून बसली. तांदूळ, हळकुंड, खारीक, बदाम, दोन सुपाऱ्या, वर नारळ. शांताबाईनं तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि स्वतःच रडायला लागली. मला रडू आलं नाही. नारळ घरात ठेवून बाकीचं सगळं प्रज्ञानं नव्या खणात बांधलं, बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात ठेवलं. तिकडं गेल्यावर या तांदळाचा पहिला भात करीन म्हणाली.

मग संध्याकाळी ती दारात उभी राहून फोनवर बोलत होती. तिच्यासारखीच नेमणूक मिळालेली कुणी मुलगी होती. वर्षातून एकदा-दोनदा घरी येता येईल, असं काहीसं बोलणं चाललं होतं, आणि प्रज्ञा हसली. डोकं मागं टाकून, मोकळी. तिचे बाबा गेल्यापासून ती तशी हसली नव्हती. हे मघाचं उत्तर. मी एकटी पडेन ही भीती नव्हती. मला सोडून जाताना ती आनंदात आहे, हे मला सहन झालं नाही. आईला असं वाटतं का? मला वाटलं. मी दुसऱ्यांच्या लेकींना सासरी, शिकायला, कामाला जा म्हणून कितीदा समजावलं असेल. माझ्या लेकीची पाळी आली तेव्हा मला ती हसलेली खपली नाही.

सकाळी ती आंघोळीला गेली. बादलीत पाणी पडायला लागल्याचा आवाज आला आणि मी बॅगेपाशी बसले. हात अजिबात कापत नव्हते. खणाची गाठ सोडली, दोन्ही सुपाऱ्या काढल्या, गाठ पुन्हा बांधली. बँडेजची बांधतात तशी, सपाट. बोटांना दुसरी येतच नाही. पूजेची सुपारी दगडासारखी असते. आईचा अडकित्ता पेटीच्या तळाशी होता. सुपारी फुटताना कट्कन आवाज होतो म्हणून मी तो पदरात गुंडाळून दाबला. पोट रिकामं होतं — तेवढी काळजी मी घेतली होती. महिन्याचा खंड पडलेला होता. एकीनं भागलं असतं. मी दोन्ही चावल्या आणि थुंकले नाही, रस गिळत गेले. हे सगळं मी एखाद्या पेशंटला औषधाची मात्रा द्यावी तसं केलं. चौतीस वर्षांची विद्या होती ना.

ती बाहेर आली, केस पुसले, आणि म्हणाली, आई, वंदना घेऊन निघू. हे माझ्या हिशेबात नव्हतं. बुद्धाच्या मूर्तीपुढं तिनं मेणबत्ती लावली, आम्ही दोघी हात जोडून बसलो. गालात चोथा तसाच. तिच्यामागून मी पंचशील म्हणत होते. पहिलं शील झालं, दुसरं झालं. कान तापले. तिसऱ्याला मेणबत्तीच्या दोन मेणबत्त्या झाल्या. चौथं शील — खोटं बोलण्यापासून मी दूर राहीन. मुसावादा वेरमणी. ते तिनं म्हटलं. मी ओठ हलवले, आवाज निघाला नाही, आणि मी आडवी झाले. पडण्याचं सोंग नव्हतं, अंग खरंच गेलं होतं. पण तोंड पदरानं झाकून घेऊन चोथा पदरात काढायचं भान मला होतं.

पहिल्यापेक्षा जोरात लागली होती. डॉक्टरांचाही चेहरा उतरला. अकोल्याला नेलं, दोन दिवस ठेवलं, नाना तपासण्या केल्या, काही निघालं नाही. ताण घेऊ नका, एकट्या राहू नका, असं सांगून पाठवलं. दोन दिवसांत मी मरूही शकले असते, आणि तेही तिच्याच ओटीतल्या सुपारीनं — हा विचार मला तिथं पलंगावर आला. तरी तिच्याकडे बघून मी गप्प राहिले.

मुदत संपली. तिनं रेल्वेला एक ओळीचं पत्र लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. बॅगेतून कपडे काढून कपाटात लावले, बॅग माळ्यावर टाकली. ती रडली नाही. आपण रडलो तर आईच्या काळजाला त्रास होईल म्हणून रडली नाही, हे मला शेजारणीकडून कळलं.

शांताबाईनं मात्र मनाला लावून घेतलं. आपली ओटी त्या पोरीला बाधली, असं तिला वाटायचं. त्यानंतर तिनं कुणाच्या लेकीची ओटी भरली नाही. तिच्या स्वतःच्या नातीच्या वेळीही दुसऱ्या बाईला पुढं केलं. ती माझ्याशेजारी बसून हे बोलायची आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवायचे.

तेव्हापासून मी सुपारीला शिवले नाही. काळजाची धडधड गेली, हातांची थरथर गेली, झोप सुधारली. हे होणारच होतं. आता यातली सगळ्यात वाईट गोष्ट सांगू का? प्रज्ञाला वाटतं, ही तिची कमाई आहे. मी थांबली म्हणून आई सुधारली, असं ती लोकांना सांगते, आणि सांगताना तिची मान थोडी ताठ होते. स्थळं आली, तिनं नको म्हटलं. घरी गणिताचे क्लास घेते. पोरं हुशार निघतात तिची. शिकवता शिकवता गाडीची शिट्टी झाली की खडू हातात धरून थांबते आणि म्हणते, आज वीस मिनिटं लेट. त्या मोठ्या काट्याच्या घड्याळावर रोज सकाळी माझी नाडी मोजते. बहात्तर, म्हणते. मस्त. मी हात पुढं करते.

बरीच वर्षं मी स्वतःची अशी समजूत घातली की खरं सांगितलं तर तिची ती एक कमाईही जाईल, म्हणून तिच्यासाठी गप्प राहायचं. ऐकायला बरं वाटतं, नाही? पण तसं नाही. सांगितलं तर उद्या सकाळी माझं मनगट कोण धरेल, म्हणून मी गप्प आहे.

आणि गेल्या महिन्यातली गोष्ट झाली नसती तर गप्पच राहिले असते.

क्लासच्या मोठ्या मुलींनी लोणारला जायचं ठरवलं. सरोवर बघायचं, एक मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत. मॅडम, तुम्ही आल्याच पाहिजे. अकरा वर्षांत ती घराबाहेर एकही मुक्काम राहिली नव्हती. नाही-नाही करत तयार झाली. शेजारच्या सुनेला माझ्यापाशी थांबायला सांगून ठेवलं. निघायच्या सकाळी तिनं माळ्यावरून ती निळी बॅग काढली, ओल्या फडक्यानं पुसली. मी पलंगावर बसून बघत होते. बाजूच्या कप्प्यात तिचा हात गेला आणि खण बाहेर आला.

तिला आठवायला क्षणभर लागला. मग ती खाली बसली. माझी सपाट गाठ तिच्या बोटांना सुटेना, दातांनी सोडवली. आत तांदळाचं पीठ झालं होतं, किडे होऊन मरूनही गेले होते. खारका चामड्यासारख्या, बदाम पोकळ. हळकुंड तेवढं जसंच्या तसं. ती एकेक वस्तू फरशीवर मांडत गेली. मग तिनं खण झटकला, कप्पा चाचपला.

"शांतामावशीनं सुपारी नव्हती टाकली का यात?"

शांताबाई जाऊन दोन वर्षं झाली. लेक समोर होती, हातात खण होता, अर्धं गुपित तिनंच उघडलं होतं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं — टाकली होती गं, दोन टाकल्या होत्या. यापेक्षा सोपी वेळ कधी कुणाला मिळाली असेल?

"विसरली असन," मी म्हणाले.

म्हणजे मेलेल्या बाईवर ढकललं. प्रज्ञानं मान हलवली. सगळं पुन्हा खणात बांधलं, उठली, हात धुतले आणि निघण्याआधीची शेवटची गोष्ट म्हणून माझ्यापाशी येऊन बसली. बोटं मनगटावर ठेवली, डोळे घड्याळावर. मी तिच्या ओठांकडे बघत होते. ती मोजता मोजता थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.

"वाढून राह्यली आई," ती म्हणाली. "लय वाढली."

तोंडात काही नव्हतं. अकरा वर्षं काही नव्हतं. तिनं माझ्या कपाळाला हात लावला, तळवे बघितले; घामेजले होते. मग फोन उचलून कुणाला तरी म्हणाली, तुम्ही निघा, माझं नाही जमत, आईला बरं नाही. आवाज नेहमीसारखाच होता. बॅगेतून दोन ड्रेस काढून तिनं कपाटात ठेवले, आणि बॅग माळ्यावर टाकायला स्टुलावर चढली.

स्टूल डगमगत होतं. मी उठून खालून धरलं. जा, असं म्हणाले नाही.